पडवीतलं अर्धं जाळं

या सदराची मी जुनी वाचक, पण आजवर इथले अनुभव मी दुपारी जेवताना करमणूक म्हणून वाचत आले. भुताला कायम पांढरी साडीच कशी सापडते, मॅक्सी का नाही, एवढाच माझा प्रश्न असायचा. लग्न होऊन अर्नाळ्याला आले तेव्हा घरटी एकेक भूत मला ऐकवलं गेलं होतं. एकही कधी भेटायला आलं नाही. आणि भुतांवर विश्वास ठेवायलासुद्धा जरा सवड लागते हो… ती माझ्याकडे कधीच नव्हती.

तरी लिहितेय. हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं तर मीच मला म्हटलं असतं, रंजना, झोप काढ. पण हे माझ्या बोटांखाली झालं, भर दुपारी, आणि शेवटी दुसऱ्या बाईच्या बोटांखालीही झालं.

घरात आम्ही तिघं. मी, माझा नवरा दिलीप आणि सासरे. सासऱ्यांना सगळे बाबाच म्हणायचे. आयुष्यभर ते बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट त्यांच्या हुकुमावर चालायची. गुडघे गेल्यावर समुद्र सुटला आणि ते घरी बसून जाळी शिवायला लागले. पडवीच्या वाशाला जाळं टांगायचं, खाली बसायचं, हातात सुताची सुई. सासूबाई होत्या तेव्हा जेवायला हाका मारून मारून त्यांचा घसा बसायचा. बाबांचं उत्तर ठरलेलं – "एवढं भोक बुजवतो न येतो." ते भोक बुजेपर्यंत भात गारढोण. सासूबाई गेल्या, हाका माझ्याकडे आल्या, उत्तर तेच राहिलं.

मागच्या गणपतीनंतर बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा कधीतरी चादर ओढायचा. जाळं पडवीत तसंच लटकत राहिलं, भोक अर्धं बुजलेलं आणि सुई तिथेच अडकवलेली. दिलीप काढू देईना, आणि मला काढायला वेळ नव्हता. डॉक्टर म्हणाले, आता त्यांना काही समजत नाही, सेवा करा. सेवा करा हे सांगायला फार सोपं वाक्य आहे. कोणी करायची ते त्यात येत नाही.

सकाळी बाबांचं अंग पुसायचं, डायपर, पेज भरवायची, कूस बदलायची. मग शेजारच्या मावशींना बसवून आगाशीला माझ्या पार्लरवर. तिथे येणाऱ्या बायका हल्ली आयब्रोपेक्षा मान-पाठच जास्त दाखवायला लागल्या होत्या, "रंजनाताई, इथे जरा दाब ना." कुठे दाबतोय ते आपल्यालाच माहीत नसेल तर एखादीचं वाकडं व्हायचं, म्हणून दिवाळीनंतर मी बॉडीवर्कचा, म्हणजे मालिशीचा, कोर्स लावला. अंगात शेर उरला नव्हता आणि मी सव्वाशेराचं काम ओढवून घेतलं, असं दिलीप म्हणाला. चूक नव्हता तो.

क्लास नालासोपारा पूर्वेला, तुळिंज रोडवर, एका मेडिकलच्या दुकानावर पहिल्या मजल्याला. रेक्झिनची दोन टेबलं, भिंतीवर कातडी सोललेल्या माणसाचा तक्ता, खाली भाजीवाल्यांची ओरड. शिकवायला ग्रेसी मॅडम. वसई गावातल्या, उंच, केस आखूड, बोलणं फटकळ. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या डोळ्यांवर ओढण्या बांधल्या आणि एकमेकींच्या पाठीवर हात ठेवायला लावले. मी जोर लावला तर म्हणाल्या, "पीठ मळतेस का? दाबू नको गं. ठेव हात आणि थांब. आतलं येईल वर."

स्नायू शोधायची रीत तशी साधी. हात ठेवायचा आणि समोरच्याला ती हालचाल करायला सांगायची. मूठ वळा म्हटलं की कोपराखालचं मांस बोटाखाली फुगून उभं राहतं, सोडा म्हटलं की विरतं. कुठून निघतो, कुठे चिकटतो, काय ओढतो, एवढं पाठ असलं की तक्त्यावरचा माणूस जिवंत माणसाच्या आत सापडायला लागतो. मी पार्लरमधल्या आयब्रो पेन्सिली नेल्या होत्या. त्यांनी आम्ही एकमेकींच्या हातांवर स्नायूंच्या कडा काढायचो आणि तशाच रंगलेल्या हातांनी घरी जायचो.

नवशिक्यांची चूक मात्र एकच, आणि ती आम्ही सगळ्यांनी केली. अंगठ्याने चाचपायचं. अंगठ्यात आपलीच नाडी जोरात उडते. ती उडी समोरच्याच्या अंगातली वाटते आणि आपण ओरडतो – मॅडम, सापडलं! मॅडमचं उत्तरही ठरलेलं. "ते तुझंच पल्स आहे. अंगठा काढ."

रोजचा होमवर्क असायचा, घरातल्या कुणाही एकाचा एक स्नायू. "जो पडून राहील त्याचा घ्या," मॅडम म्हणाल्या. माझ्या घरात पडून राहणारा एकच माणूस होता. सासऱ्यांच्या अंगाला हात लावायचा संकोच डायपर बदलता बदलताच संपला होता. मी बाबांचा उजवा हात मांडीवर घ्यायचे, तो मेलेला हात, आणि कोपराखाली बोटं ठेवून डोळे मिटायचे. खरं सांगू? दिवसभरात तेवढेच काय ते डोळे मिटायला मिळायचे.

तिथे मला ते पहिल्यांदा लागलं. हात बाहेरून ढिम्म. पण आत… मनगटाच्या दिशेने एक बारीक ओढ. मग अंगठ्याच्या बाजूला दाब आल्यासारखं. मग सगळं एकदम घट्ट, आणि सैल. थांबून पुन्हा तेच, त्याच क्रमाने.

मी दचकून डोळे उघडले. बाबांची नजर पंख्यावर. बोटं पडलेलीच.

मॅडमना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "अंगठा होता?" नव्हता. "मग तुझी बोटं दमलीत. दमलेला हात आपोआप थरथरतो. झोपतेस का तू?" झोपेबद्दल विचारलं की मला हल्ली रडू यायचं. पुढे बाबांना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांनाही मी ओशाळत विचारलं. त्यांनी हातोडीने ठोकून पाहिलं, स्वतः बोटं ठेवली, आणि मान हलवली. काहीही नाही.

पण मला रोज लागायचं. थरथर असती तर कशीही आली असती. ही ठरलेली होती. ओढ, दाब, घट्ट, सैल.

ती काय आहे ते मला किनाऱ्यावर कळलं. मासळी घ्यायला गेले होते. धनाकाका, बाबांच्या बोटीवरचे जुने खलाशी, वाळूत बसून जाळं शिवत होते. त्यांच्या हाताकडे मी बघतच राहिले. मासळी राहिली बाजूला.

"काय गो सुने, काय पायजे?"

"काका, तुम्ही शिवत राहा. मी जरा हाताला हात लावू?"

आजूबाजूच्या बायका खो-खो हसल्या. एक म्हणाली, "धनाला आता या वयात कोन हात लावतंय, लावून घे रे!" मी लाज सोडून त्यांच्या कोपराखाली बोटं ठेवली आणि डोळे मिटले. सुई आत गेली, ओढ. सूत चिमटीत धरलं, दाब. गाठ आवळली, घट्ट. सोडली. तेच होतं. तोच क्रम.

धनाकाकांना वाटलं मला जाळं शिकायचंय. ते सांगत सुटले. "शिकायचं तर माज्याकडं शिक. तुज्या सासऱ्याची तऱ्हा न्यारी. डाव्या हाताचं पयल्या बोटाचं पेर गेलं ना त्याचं दोरीत, तवापासून तो जाळं अंगठा न मधल्या बोटात धरनार. पयलं बोट हवेत! आनि गाठ उलटी पडते त्याची. साऱ्या बंदरात त्याची गाठ लांबून वलखू येते."

म्हणजे बाबा आत काम करत होते. डॉक्टर म्हणत होते काही समजत नाही, आणि हा माणूस गादीवर पडल्या पडल्या जाळं शिवत होता.

आता मुद्द्याचं सांगते. त्याच दिवसांत दिलीपने हायवेपलीकडच्या एका केंद्रात बोलणी केली होती. पडून असलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळतात तिथे. माझी पाठ गेली होती, पार्लर अर्धा वेळ बंद, दिलीपची शिफ्ट ड्युटी. आणि सरळ सांगते, मलाही ते हवं होतं. मला फक्त झोप हवी होती. गादीला पाठ टेकवून, कुणी न उठवता झोप. हे सगळं आम्ही बाबांच्या खाटेशेजारी उभं राहून ठरवलं. गाडी कधी येणार, गादी द्यायची की टाकायची, सगळं. त्यांना काय कळतंय म्हणून.

किनाऱ्यावरून आल्यावर मी दिलीपला सगळं सांगितलं. त्याने बाबांच्या हातावर स्वतः बोटं ठेवली, बराच वेळ. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "काय नाय गो. तू दमलीस. मलापन कधी कधी वाटतं, बाबा आता हाक मारतील." त्याचे डोळे भरले होते. त्याच्याशी भांडायचं माझ्या जिवावर आलं.

मग मी बाबांनाच विचारलं. घरात कुणी नसताना हातावर बोटं ठेवून म्हटलं, "बाबा, तुम्हाला तिकडे न्यायचं ठरतंय. जायचंय का? नसेल जायचं तर मूठ वळा. नुसती वळायचा विचार करा, मला लागेल." बोटाखालची हालचाल थांबली. मग पुन्हा ओढ, दाब, घट्ट, सैल. ना हो, ना नाही. ते कामात होते.

गाडी शनिवारी यायची होती. शुक्रवारी दिलीपने रजा घेतली आणि मला म्हणाला, "तू क्लासला जा, मी हाय बाबांजवल." गेले. घरी बसून नुसतं बघवलं नसतं.

त्या दिवशी कोपराखालच्या स्नायूंचीच उजळणी होती. टेबलावर संगीता झोपली होती. संगीता मूळची बीडकडची, लग्नानंतर तुळिंजला आलेली, बाळ-बाळंतिणीच्या मालिशी करणारी. मासे खात नाही. वासाने तिला मळमळतं. माझ्या डब्यात सुकट असली की ती आपला डबा घेऊन खिडकीशी जाऊन बसायची. माझ्या डोळ्यांवर ओढणी बांधली, मी तिच्या उजव्या हातावर बोटं ठेवली.

ओढ. दाब. घट्ट. सैल.

मी म्हटलं, "संगीता, हात हलवू नकोस."

"मी कुठं हलवतेय ताई? डोळा लागला हुता माझा."

पुन्हा तेच. बाबांच्या हातात जे लागायचं ते दाराआडून आल्यासारखं लागायचं. हे स्पष्ट होतं, धनाकाकांच्या हातासारखं. मी मॅडमना हाक मारली. त्या तिथूनच म्हणाल्या, "अंगठा काढ, रंजना." मी माझा हातच उचलला आणि म्हटलं, "मॅडम, तुम्ही ठेवा."

ओढणी सोडून मी बघत होते. ग्रेसी मॅडमनी बोटं ठेवली. चेहऱ्यावर आधी कंटाळा. मग भुवया जवळ आल्या. त्यांनी दुसऱ्या हाताने संगीताचा पंजा उचलून पाहिला, तो मेणासारखा मऊ होता. पुन्हा बोटं ठेवली. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हे… कशाची तरी गाठ बांधतंय." मी त्यांना जाळ्याचं काही सांगितलं नव्हतं. बाबांच्या हातात काहीतरी लागतं, एवढंच सांगितलं होतं.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "थांबलं." आणि लगेच, "नाही, थांबलं नाही. ओढून धरलंय." मग त्यांनी हात काढला, नकळत छातीवर क्रूसाची खूण केली, आणि पाणी प्यायला आत गेल्या.

माझा फोन वाजला तो तेव्हाच. दिलीप होता. जेवायला म्हणून बाबांना उशीला टेकवून बसवलं, भाताचा घास पुढे केला, त्यांनी तोंड उघडलंच नाही. तो "बाबा, जेवा, बाबा, जेवा" म्हणत राहिला आणि थोड्या वेळाने त्याला कळलं की बाबा गेलेत.

शनिवारची गाडी आली नाही, एवढं बरं झालं. पण मला बरं वाटलं नाही. आयुष्यात एवढी दमले नव्हते. झोपायला वेळ होता आणि झोप येत नव्हती. सारखं वाटायचं, काहीतरी ओढून धरलेलं राहिलंय.

सगळं कार्य उरकल्यावर संगीता भेटायला आली. पहिल्यांदाच आमच्याकडे. नाकाला पदर लावूनच गल्लीत शिरली असणार बिचारी. मी चहा ठेवायला आत गेले, ती पडवीत बसली. दिलीप समोरच्या खुर्चीत होता. तेवढ्यात त्याचा आवाज आला, "रंजना… बाहेर ये." तसा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

संगीता बाबांच्या जागी मांडी घालून बसली होती. वाशाला टांगलेलं जाळं तिच्या मांडीवर. उजव्या हातात सुई. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात तिने जाळं धरलं होतं, आणि तर्जनी बाजूला, हवेत. धडधाकट, पूर्ण बोट, पण नसल्यासारखं बाजूला ठेवलेलं. ती भराभर गाठी मारत होती, आणि बघत होती भलतीकडेच, रस्त्यावर. त्या बोटाबद्दल मी क्लासमध्ये कुणाला बोलले नव्हते. बोलायचं काही कारणच नव्हतं.

मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्या कोपराखाली बोटं ठेवली. ओढ, दाब, घट्ट, सैल. तिने विचारलं, "काय गं ताई?" तिचे हात थांबले नाहीत. मी म्हटलं, "काही नाही. कर."

भोक बुजलं. शेवटची गाठ आवळली, आणि या वेळी मला नीट लागलं – घट्ट, आणि मग सैल. पूर्ण सैल. बोटाखाली नुसतं मऊ मांस राहिलं. तिने सुई जाळ्यात अडकवली, हात झटकले, आणि स्वतःच्या हातांचा वास घेऊन तोंड वाकडं केलं. "अगं बाई, हे काय केलं मी? हाताला कसंतरीच हुत हुतं म्हणून…"

गाठी धनाकाकांनी पाहिल्या. उलट्या पडलेल्या. "त्याच्याच हायत," म्हणाले. कुणी मारल्या ते आम्ही सांगितलं नाही. संगीताला पुढे एकदा मी गंमत म्हणून सुई दिली. तिला ती धरतासुद्धा येईना. तिच्या हातात मला पुन्हा कधी काही लागलं नाही. मॅडमनी मला काही समजावून सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या की त्यांनी बाबांसाठी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना सांगितलीय, चालेल ना. मी म्हटलं, चालेल. आता क्लासमध्ये कुणी "सापडलं" म्हणून ओरडली की त्या अंगठा काढायला सांगतात खऱ्या, पण आधी स्वतः हात ठेवून बघतात.

दमलेल्या बोटांनी चुकीचं सांगितलं, हे मी माझ्यापुरतं मान्य करायला तयार आहे. पण मॅडम दमलेल्या नव्हत्या. आणि गाठी तर कुणाच्या बोटांवर अवलंबून नाहीत, त्या जाळ्यात आहेत, कुणीही येऊन बघावं. याचं काय करायचं ते मला आजही माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर लिहा. थट्टा केलीत तरी चालेल, मीही खूप केलीय.

त्या दिवशी संगीता गेल्यावर दिलीप बराच वेळ पडवीत उभा होता. बुजलेल्या जागेवरून हात फिरवत होता. मी आत पानं वाढली होती, हाक मारणार तेवढ्यात त्याने जाळं वाशावरून उतरवलं, नीट घडी केली, आणि बाबांच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाला,

"झालं ना बाबा? चला आता, जेवाला."